'ही'मध्ये 'शी' मावते का?

सेमी-इंग्रजीच्या वर्गात काळ-कामाची गणिते शिकवताना एक जुने उदाहरण हमखास समोर येते. '८ मेन ऑर १२ विमेन' एक काम २५ दिवसांत करतात, तर '६ मेन अँड ११ विमेन' तेच काम किती दिवसांत करतील? आकडे पुस्तकागणिक बदलतात, सांगाडा तोच राहतो. मुले भराभर मांडतात. ८ पुरुष बरोबर १२ बाया, म्हणून १ पुरुष बरोबर दीड बाई. ६ पुरुषांच्या झाल्या ९ बाया, त्यात ११ मिळवल्या की २०. उत्तर १५ दिवस. त्रैराशिक चोख, गुण पूर्ण.

आता ते 'काम' म्हणजे कापूस वेचणी आहे असे धरा. चोपडा, पारोळा, शिरपूर भागात दिवाळीच्या सुमारास शेतांवर नजर टाकली तर वेचणीला बहुतेक बायाच दिसतील. मजुरी किलोवर असते, आणि कोणी किती वेचले याचा निकाल संध्याकाळी काट्यावर लागतो. तिथे १ पुरुष बरोबर दीड बाई हे समीकरण कोणी मांडले तर बाया हसतील. मग पुस्तकात हे दीडपट आले कुठून? कोणी मोजले? कोणीच नाही. गणिताला दोन वेगवेगळे वेग हवे होते, आणि लिहिणाऱ्याच्या हाताशी सर्वांत जवळ जे वेग होते ते त्याने घेतले. दोन यंत्रे घेतली असती, दोन पंप घेतले असते, तरी गणित तेच झाले असते.

हे उदाहरण मुद्दाम गणितातले घेतले. इंग्रजीची पाठ्यपुस्तके आणि त्यांतली बाई हा विषय निघाला की आपण इंग्रजीच्या तासाचाच विचार करतो. पण जळगाव-धुळ्याच्या सेमी-इंग्रजी वर्गातल्या मुलामुलींना इंग्रजी गणिताच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकातूनही भेटते. 'मॅन-मेड फायबर्स', 'मॅन अँड हिज एन्व्हायरन्मेंट', 'मॅनपॉवर', 'मॅन-डेज' ही सारी तिथलीच मंडळी. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर १९७७ च्या कायद्याने रोजगार हमीची जी कामे महाराष्ट्रात निघाली, त्यांवर खडी फोडायला आणि माती वाहायला बाया फार मोठ्या संख्येने होत्या. तरी अशा कामांचा हिशेब कागदावर वर्षानुवर्षे 'मॅन-डेज'मध्येच होत आला. 'पर्सन-डेज' हा शब्द रुळायला बराच काळ जावा लागला.

मोजणी आणि तिच्या मर्यादा

पाठ्यपुस्तकांतली बाई मोजण्याचे काम नवे नाही. १९७० च्या दशकात नरेंद्रनाथ कालिया यांनी उत्तर भारतातल्या शाळांमधली हिंदी आणि इंग्रजीची ४१ पुस्तके तपासली. धड्यांचे नायक बहुतेक पुरुष, चरित्रे बहुतेक पुरुषांची, आणि उल्लेखलेल्या व्यवसायांपैकी सुमारे तीन चतुर्थांश व्यवसायांत बाईच नाही, असे त्यांना आढळले. आपल्या १९७९ च्या पुस्तकाला त्यांनी जे उपशीर्षक दिले त्याचा आशय असा, की आपण आपल्या मुलांना सांगत असलेल्या खोट्या गोष्टी. १९८४ मध्ये कॅरन पोरेका यांनी परभाषिकांना इंग्रजी शिकवणारी १५ पुस्तके तपासली. चित्रांत एका बाईमागे जवळजवळ दोन पुरुष होते. त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली, ती म्हणजे जोडीत पहिले नाव कोणाचे. 'बॉइज अँड गर्ल्स', 'ही ऑर शी', 'ब्रदर अँड सिस्टर' अशा जोड्यांत पुरुष पहिला येण्याचे प्रमाण बाई पहिली येण्याच्या तिप्पट निघाले. (आपल्याकडे 'आईवडील' आणि 'मायबाप' यांत आई पुढे असते, हे वाचकांच्या मनात आलेच असेल. पण शाळेच्या सूचनेत 'मुले व मुली' हाच क्रम असतो. घराची भाषा आणि कचेरीची भाषा यांत फरक पडतो तो असा.)

युनेस्कोच्या २०२० च्या जागतिक शिक्षण अहवालात माध्यमिक शाळांतल्या इंग्रजी पुस्तकांचे काही आकडे आहेत. मजकूर आणि चित्रे मिळून स्त्रियांचा वाटा मलेशिया आणि इंडोनेशियात ४४ टक्के, बांगलादेशात ३७ टक्के, पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात २४ टक्के. त्याच अहवालात महाराष्ट्राचे नाव चांगल्या कारणासाठी आले आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या नव्या पुस्तकांतली चित्रे बदलली. घरकाम पुरुष आणि बाई मिळून करत आहेत, डॉक्टर बाई आहे, स्वयंपाक करणारा पुरुष आहे, आणि या चित्रांत काय दिसते ते बोला असे मुलांना सांगितले आहे. मंडळ १९६७ साली स्थापन झाले. तिथपासून ५२ वर्षांनी का होईना, वडिलांच्या हातात भाजी आली. काहींनी तेव्हा टिंगल केली, पण ही साधी गोष्ट नव्हती. चित्रापुढे 'बोला' असे लिहिणे तर मला चित्राहूनही मोलाचे वाटते.

परंतु चित्रांची मोजणी सोपी असते म्हणून सुधारणा चित्रांपाशीच थांबते, असे मला दिसते. बाई डॉक्टरच्या पोशाखात आली की काम झाले. खालच्या वाक्यातले क्रियापद, पुढच्या स्वाध्यायातली जोडी, उताऱ्यावरचा प्रश्न या गोष्टी मोजणीच्या चाळणीतून खाली पडतात. आणि भाषेच्या पुस्तकात खरे काम तर तिथेच चालते.

पुस्तक हाच इंग्रजी बोलणारा शेजारी

यावर शिक्षकांचा एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 'आमच्या मुलांना इंग्रजीचे एक वाक्य धड वाचता येत नाही, आणि तुम्ही 'ही' की 'शी' करत बसला आहात!' महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून होते. वर्षे वाढली तरी अडचण पूर्ण गेलेली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

पण या आक्षेपातच उत्तर आहे. मराठीच्या पुस्तकात 'आई स्वयंपाक करते, बाबा पेपर वाचतात' असे आले, तरी रावेर-यावलच्या मुलाला ते पुस्तक दुरुस्त करता येते. त्याची आई सकाळी केळीच्या बागेत गेलेली असते, आजी बाजारात भाजी विकत असते, आणि घरात रात्रंदिवस मराठी, अहिराणी किंवा लेवा बोली चालू असते. पुस्तकातल्या शब्दाला घरातला शब्द टक्कर देतो. इंग्रजीचे तसे नाही. आपल्या बहुतेक मुलांच्या आयुष्यात इंग्रजी बोलणारे दुसरे कोणी नसते. पुस्तक हाच तो शेजारी. तो 'मदर' या शब्दाला 'कुकिंग' जोडतो आणि 'फादर'ला 'रीडिंग'. चालू वर्तमानकाळाच्या सरावात ही वाक्ये पंचवीस वेळा घोकली जातात. व्याकरणाचा साचा आणि समाजाचा साचा एकाच घोकण्यात पक्के होतात. ज्याचे इंग्रजी कच्चे, त्याच्यावर पुस्तकाची पकड अधिक घट्ट असते.

'ही'त 'शी' आलीच, असे म्हणणारा कायदा

आता भाषेकडे वळू. जुन्या व्याकरणात नियम असा, की व्यक्ती कोण ते ठाऊक नसेल तर 'ही' आणि 'हिज' वापरावे, त्यात बाई येतेच. 'एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज बुक.' हा नियम इतका निरुपद्रवी वाटतो, की यावर वाद घालणारा माणूस चिडका ठरतो.

हा नियम नुसता व्याकरणात नव्हता, कायद्यातही होता. ब्रिटनच्या संसदेने १८५० साली ठरवले, की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात. मग १८६८ मध्ये मँचेस्टरच्या बायांनी मतदारयादीत नाव मागितले. कायद्यात 'मॅन' आहे, त्यात आम्ही आलोच की! न्यायालयाने सांगितले, इथे नाही. भारतातही जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने (१८९७) हाच नियम घातला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात, संदर्भाशी विरोध येत नसेल तर. या 'तर'मध्येच सारे आले. १९१६ साली रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेऊन वकिलीची सनद मागितली. कलकत्ता उच्च न्यायालयाने ती नाकारली. वकिलांच्या कायद्यातली 'व्यक्ती' म्हणजे पुरुषच, असा अर्थ लावला गेला. १९२१ साली सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्यात तेच उत्तर मिळाले. त्याच वर्षी नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना अलाहाबाद उच्च न्यायालयाने सनद दिली, पण सगळीकडचा अडथळा दूर व्हायला १९२३ चा कायदा यावा लागला. त्यात स्त्रियांचे नाव स्पष्ट घालावे लागले.

शिक्षा करायची असेल तेव्हा 'ही'त बाई येते, हे मात्र लक्षात ठेवावे. चोरीच्या कलमात 'ही' आहे म्हणून कोणी बाई सुटल्याचे ऐकिवात नाही.

प्रयोग काय सांगतात

वकिलांचे सोडा, ऐकणाऱ्याच्या मनात काय होते? याची परीक्षा प्रयोगाने घेता येते आणि ती घेतलीही गेली आहे. १९७३ मध्ये श्नायडर आणि हॅकर यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना समाजशास्त्राच्या पुस्तकातल्या प्रकरणांसाठी चित्रे गोळा करायला सांगितले. एका गटाला 'पोलिटिकल मॅन', 'इंडस्ट्रियल मॅन' अशी शीर्षके दिली, दुसऱ्याला त्याच विषयांची 'मॅन' नसलेली. पहिल्या गटातल्या ६४ टक्के विद्यार्थ्यांनी पुरुषांचीच चित्रे आणली, दुसऱ्या गटात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते.

१९७८ मध्ये मोल्टन, रॉबिन्सन आणि एलायस यांनी आणखी नेमका प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक वाक्य द्यायचे आणि त्यातल्या पात्रावर गोष्ट लिहायला सांगायची. वाक्य एकच, फक्त सर्वनाम वेगळे. काहींना 'हिज', काहींना 'देअर', काहींना 'हिज ऑर हर'. 'हिज' दिलेल्यांच्या गोष्टींत पात्र बाई असण्याचे प्रमाण ३५ टक्के, 'देअर'मध्ये ४६, 'हिज ऑर हर'मध्ये ५६. वाक्याचा अर्थ तिन्हींत सारखाच, असे व्याकरण सांगते. वाचणाऱ्याचे मन ते मान्य करत नाही.

कोणी म्हणेल, 'मॅन'चा मूळ अर्थच माणूस असा आहे. खरे आहे. जुन्या इंग्रजीत 'मॅन' म्हणजे मनुष्य. पुरुषासाठी 'वेर' आणि बाईसाठी 'वीफ' असे वेगळे शब्द होते, आणि 'वुमन' हा शब्द 'वीफ' व 'मॅन' यांच्या जोडातून आला. पण 'वेर' मागे पडला आणि 'मॅन' पुरुषाच्या घरात राहायला गेला. शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा आजचा पत्ता नव्हे. आपल्याकडे हेच झालेले पाहा. 'माणूस' म्हणजे मनुष्यमात्र. तरी खेड्यात 'कामावर चार माणसं न् सहा बाया होत्या' असेच म्हणतात, आणि 'माझा माणूस' म्हणजे माझा नवरा. बाईला माणसात आणायचे तर 'बाईमाणूस' म्हणावे लागते. इंग्रजीतली 'मॅन'ची गोष्ट समजावून द्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

'चेंज द जेंडर'

इंग्रजी व्याकरणाच्या कोणत्याही जुन्या पुस्तकात, आणि बाजारातल्या बहुतेक गाईडांत, एक तक्ता असतो. डावीकडे पुल्लिंग, उजवीकडे स्त्रीलिंग. पोएट-पोएटेस, ऑथर-ऑथरेस, मास्टर-मिस्ट्रेस, गव्हर्नर-गव्हर्नेस, बॅचलर-स्पिन्स्टर, विझर्ड-विच. आपण सर्वांनी हा पाठ केला आहे.

यातल्या जोड्या काकडीच्या दोन फोडींसारख्या सारख्या नाहीत. गव्हर्नर राज्य चालवतो, गव्हर्नेस दुसऱ्याच्या घरी राहून मुलांना शिकवते. मास्टर म्हणजे धनी, मिस्ट्रेसचा आजचा सरसकट अर्थ वर्गात सांगायची चोरी. बॅचलर शब्दात मोकळेपणा आहे, स्पिन्स्टरमध्ये कीव आहे. हा तक्ता व्याकरण शिकवत नाही, कारण इंग्रजी नामांना मराठीसारखे व्याकरणिक लिंग नाहीच. तो शिकवतो ते इतकेच, की मूळ शब्द पुरुषाचा आणि बाईचा शब्द त्याला शेपूट लावून होतो. शिवाय त्यातले निम्मे शब्द मेलेले आहेत. 'ऑथरेस' आज कोणी लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीश आणि वकिलांसाठी जी पुस्तिका काढली, तिने 'स्पिन्स्टर' आणि 'हाउसवाइफ' टाळा असे सांगितले. 'ईव्ह-टीझिंग' या आपल्या देशी इंग्रजी शब्दाऐवजी रस्त्यावरचा लैंगिक छळ असे सरळ म्हणा, असेही तिच्यात आहे. एमसीसीने सप्टेंबर २०२१ पासून क्रिकेटच्या नियमांतून 'बॅट्समन' काढून 'बॅटर' घातले. आपल्या मुली मैदानावर 'बॅटर' ऐकतात आणि वर्गात 'पोएटेस' पाठ करतात.

विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी या संदर्भात एक छोटी गोष्ट. १८३४ पर्यंत शास्त्रज्ञाला इंग्रजीत एक शब्द नव्हता, 'मेन ऑफ सायन्स' म्हणत. 'सायंटिस्ट' हा शब्द छापून आला तो त्या वर्षी विल्यम ह्यूएलने लिहिलेल्या एका परीक्षणात. ते पुस्तक होते मेरी सॉमरव्हिल या बाईंचे. बाईंसाठीच हा शब्द घडवला असे पुष्कळदा सांगतात, ते खरे नाही. वेगवेगळ्या शास्त्रांच्या अभ्यासकांना एकत्र बांधणारे नाव त्याला हवे होते. पण 'मेन ऑफ सायन्स'ची जागा घेणारा शब्द नेमका एका बाईच्या पुस्तकावर लिहिताना छापला गेला, हा योग मात्र मजेचा.

'चेंज द जेंडर'ची सवय किती खोल जाते ते जळगाव जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. नाडगावला जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या आणि १९६२ साली जळगावातून आमदार झालेल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या. त्या वेळी इंग्रजी वृत्तपत्रांना 'प्रेसिडेंट' शब्दाची काही अडचण आली नाही. आपण मात्र 'राष्ट्रपती' शब्दातल्या 'पती'वर चर्चा करत बसलो. 'पती' म्हणजे स्वामी, पालक, 'सेनापती'तला, हे संस्कृतच्या शिक्षकांनी सांगितले तेव्हा कुठे ती शमली. आणि १५ वर्षांनी, द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्यावर, जुलै २०२२ मध्ये एका खासदाराच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' शब्द गेला आणि संसदेत गदारोळ झाला. गव्हर्नरची गव्हर्नेस करणारा तक्ता आणि हा शब्द एकाच साच्यातून निघालेले आहेत.

भाषांतरात हरवलेली बाई

यापुढचा मुद्दा आपल्या वर्गाचा आहे, आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या संशोधकांना तो सहसा सुचत नाही. आपण इंग्रजी मराठीतून शिकवतो. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. 'द डॉक्टर केम.' कोण आले ते वाक्य सांगत नाही. मराठीत सांगावेच लागते, डॉक्टर आला, आली किंवा आले. आणि आपल्या तोंडून काय जाते? 'डॉक्टर आले.' 'अ फ्रेंड मेट मी' म्हटले की 'मला एक मित्र भेटला', समोर मुलींची रांग बसलेली असली तरी. 'कझिन'चा चुलतभाऊ होतो. 'द नर्स केम' म्हटले की मात्र 'नर्स आली', तिथे आदराचे अनेकवचनही गळते.

म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने काळजीपूर्वक वाक्य मोकळे ठेवले असेल, तरी ते आपल्या मराठीतून जाताना पुरुषाचे होते. पाठ्यपुस्तकाचा कितीही बारीक आढावा घेतला तरी ही गळती त्यात सापडत नाही, कारण ती पानावर नसते. ती शिक्षकाच्या बोलण्यात आणि गाईडात असते. जेन संडरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास हाच विचार वेगळ्या वाटेने मांडला. पुस्तकात काय आहे याइतकेच शिक्षक त्या पानाभोवती काय बोलतो ते महत्त्वाचे. जुनाट पानही चांगल्या प्रश्नाने उघडते आणि सुधारलेले पानही एका टोमण्याने बंद होते.

इथे अहिराणी मदतीला येते. 'तो करस' आणि 'ती करस', वर्तमानकाळात क्रियापद एकच. भूतकाळात 'गया' आणि 'गयी' वेगळे होतात. धुळ्याच्या मुलांना इंग्रजीचे 'ही गोज, शी गोज' समजावताना प्रमाण मराठीच्या 'जातो-जाते'पेक्षा घरचे 'जास' किती जवळचे आहे! बोलीला वर्गाबाहेर ठेवून आपण एक तयार पूल मोडून टाकतो.

याचा अर्थ इंग्रजीतले उपाय मराठीत जसेच्या तसे आणावेत असा नाही. इंग्रजीने 'पोएटेस' टाकून 'पोएट' एकच ठेवला. मराठीत तसे करून चालणार नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव दिले गेले, त्यात 'कवयित्री' हा शब्द मानाने आहे आणि कोणाला तो शेपटासारखा वाटत नाही. ज्या भाषेत क्रियापदाला, विशेषणाला लिंग आहे, तिथे बाईचे रूप पुसले तर उरते ते पुरुषाचेच. इंग्रजीत बाई दिसावी म्हणून प्रत्यय काढायचा, मराठीत ती दिसावी म्हणून रूप लावायचे. हा फरक मुलांना दोन्ही भाषांच्या व्याकरणाबद्दल इतके शिकवतो, की एक पूर्ण तास त्यावर द्यावा. 'व्यक्ती' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे, 'एक अनोळखी व्यक्ती आली' म्हणताना आपण पुरुषालाही 'आली' म्हणतो, हे दाखवले की व्याकरणाचे लिंग आणि माणसाचे लिंग वेगळे, ही अवघड गोष्ट आठवीच्या मुलांनाही कळते.

उताऱ्याखालचे प्रश्न

शेवटी परीक्षेकडे. ११ डिसेंबर २०२१ रोजी सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पेपरात आकलनासाठी एक उतारा होता. बायकांना मोकळीक मिळाल्यामुळे मुलांवरचा आईवडिलांचा धाक गेला, पत्नीने पतीचे ऐकावे म्हणजे मुलेही ऐकतात, असा त्याचा सूर होता. दोन दिवसांनी लोकसभेत सोनिया गांधींनी तो विषय काढला. मंडळाने उतारा रद्द करून त्याचे पूर्ण गुण सर्वांना दिले. त्याआधी २०१७ मध्ये आपल्या राज्याच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांत मुलीचे कुरूप किंवा अपंग असणे हे एक कारण म्हणून दिलेले आढळले होते, आणि तेही काढायचे ठरले. पुस्तक मुलांच्या हाती येऊन काही वर्षे झाली होती.

उतारा वाईट होता यावर एकमत झाले. आकलनाच्या प्रश्नाचा प्रकार काय करतो, याची चर्चा फारशी झाली नाही. 'लेखकाच्या मते' असे म्हणून चार पर्याय दिले जातात. जी मुलगी उताऱ्याशी भांडते तिलाही गुण मिळवायचे तर उताऱ्याच्या बाजूचा पर्याय निवडावा लागतो. भाषेची परीक्षा अशा वेळी संमतीची परीक्षा होते. 'लेखकाचे म्हणणे सांगा' याच्या शेजारी 'तुम्हाला पटते का, का नाही, दोन वाक्यांत लिहा' असा प्रश्न असला तर तोच उतारा, वाईट असूनही, वर्गात उपयोगी पडला असता. तीन वाक्ये तोडक्यामोडक्या इंग्रजीत आली तरी ती त्या मुलीची स्वतःची असती.

रोजच्या वर्गात आज काय करता येईल, हे शिक्षक विचारतील. 'हिज'च्या जागी 'देअर' लिहिले तर चूक धरू नका. एकवचनी 'दे' इंग्रजीत काही शतके वापरात आहे आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेने २०१९ मध्ये ते मान्य केले. रजेच्या अर्जात 'टू, द हेडमास्टर' आणि 'रिस्पेक्टेड सर' पाठ करून घेण्याऐवजी आपल्या शाळेत त्या खुर्चीवर कोण बसते ते पाहून लिहायला सांगा. ज्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत तिथेही मुले त्यांनाच 'सर' म्हणून अर्ज देतात.

आणि मोल्टनचा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. एक इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहा. 'द फार्मर सोल्ड द कॉटन अँड केम होम लेट.' काही न सुचवता वर्गाला त्याचे मराठी करायला सांगा आणि वह्या गोळा करा. 'उशिरा घरी आला' किती, 'आली' किती, 'आले' किती, आणि मुलींच्या वह्यांत किती, हे वेगळे मोजा. आठवड्याने 'द फार्मर'च्या जागी 'द कॉटन-पिकर' घालून पुन्हा द्या. दोन्ही वेळचे आकडे तारखेसह लिहून ठेवा आणि शेजारच्या तालुक्यातल्या शाळेच्या आकड्यांशी ताडून पाहा. वेचणीला बाई आली आणि विकायला पुरुष गेला असे निघाले, तर सातबारा कोणाच्या नावावर असतो हा प्रश्न मुले बहुधा आपणच विचारतील.